बुजवलेली भोकं

जागामालक आला तेव्हा डागवाला एका हंड्यात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. हंड्याच्या बुडाला दोन भोकं होती, एक बोटभर आणि एक मोहरीएवढं. बोटभर भोक कुणालाही दिसतं. मोहरीएवढं शोधायला हंडा उन्हाकडे धरावा लागतो, आणि ते नजरेतून सुटलं तर गिऱ्हाईक चार दिवसांनी हंडा परत आणून पायाशी आदळतं. डागवाल्याच्या पायाशी बावीस वर्षांत असा एकही हंडा आदळला नव्हता. हे तो आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा, आणि भात्यामागून त्याची बायको म्हणायची, “हो हो, पाटी रंगवून लावा तशी.”

“बसा बसा, उठू नका,” मालक म्हणाला आणि स्वतःच उलट्या डब्यावर टेकला.

मालक चांगला माणूस होता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मागून शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने पोराबाळांची चौकशी केली, यांना ती नाहीत हे मध्येच आठवून डागवाल्याच्या म्हाताऱ्या आईची केली, आणि मग चष्मा पुसत मुद्द्यावर आला. रस्त्याकडेची सगळी पट्टी तो विकत होता. गोदामवाला घेणार होता. पण हे छप्पर आणि मागची खोली एवढा तुकडा तो बाजूला काढून द्यायला तयार होता, ऐंशी हजारांत.

“गोदामवाला जास्त देतोय, खोटं कशाला बोलू? पण बावीस वर्षांत भाड्याला तुम्ही एक दिवस उशीर केला नाहीत. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.”

“कधीपर्यंत?” डागवाल्याने विचारलं. हात अजून हंड्यातच होता.

“हा शनिवार सोडा, पुढचा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

मालक गेल्यावर डागवाल्याने मोहरीएवढं भोक शोधलं, खडूने खूण केली आणि कथिलाचा डाग देऊन दोन्ही भोकं बुजवून टाकली. हंडा पाण्याने भरून पाच मिनिटं बघत बसला. थेंबही गळला नाही. मग बायकोने डब्यातले पैसे काढून मोजले. बेचाळीस हजार आणि सुटे. ती म्हणाली, “अडतीस कमी.”

जागा गेली तर कुठे जायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. टेकडीपलीकडे खडी फोडायचा कारखाना होता. तिथे कुणालाही घेत, घरातल्या सगळ्यांना काम देत आणि राहायला पत्र्याची खोली देत. बायकोने लग्नाआधी चार वर्षं तिथे टोपल्या वाहिल्या होत्या. तिचा भाऊ तिथेच खोकून खोकून गेला. तिला डॉक्टरने छातीला नळी लावून सांगितलं होतं, “बाई, पुन्हा त्या धुळीत जायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस. माझं औषध फुकट घालवू नकोस.” लग्नानंतर डागवाल्याने भट्टीला उंच धुराडं बसवलं आणि बायकोची बैठक कायम वाऱ्याच्या बाजूला ठेवली. वारा फिरला की तो भाता उचलून फिरवायचा, गिऱ्हाईक हसलं तरी. एवढं करून तिचा खोकला लहान झाला होता. गेला नव्हता, पण लहान झाला होता.

चार दिवस त्याने गावात दुसरं छप्पर शोधलं. तीन जागा होत्या. भट्टीचं नाव काढलं की तिन्ही घरवाल्यांच्या चेहऱ्यावर आग लागल्यासारखी भीती दिसायची. ज्यांच्याकडे हात पसरावा अशी दोन-तीन माणसं होती, ती यंदा पाऊस नसल्यामुळे स्वतःच कुणाकडे तरी हात पसरत होती. गिऱ्हाइकंही कमी झाली होती. विहिरीच आटल्या तर भांडं गळतंय की नाही हे कळणार कसं?

पाचव्या दिवशी भंगारवाला आला. हा महिन्यातून एकदा सायकलला दोन पोती लावून येई, डागवाल्याकडून पितळेचा कीस आणि पत्र्याचे तुकडे घेई आणि त्या बदल्यात सगळ्या गावांच्या बातम्या देई. त्याची जीभ सायकलपेक्षा वेगात चालायची. त्यानेच सांगितलं की शहरात एकजण जुनी नाणी घेतो.

“चांदीच्या भावाने?” बायकोने विचारलं.

“छे! चांदीच्या भावाने मी घेतो. तो नाण्याच्या भावाने घेतो. माझ्या साडूने एक दिलं, काळं कुळकुळीत. किती आले सांगा.”

“शंभर.”

“अकरा हजार! एका नाण्याचे. साडू घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढत नव्हता, बसमध्ये दांडी धरायला त्याला हात उरला नव्हता.”

डागवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने दाराकडे पाहिलं. दारात म्हातारी बसून कोळसा निवडत होती. तिला डोळ्यांनी दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं, पण बोटांनी ती मोठा, मध्यम आणि चुरा असे तीन ढीग बरोबर करायची. तिच्या लुगड्याच्या आत, गळ्यात, नाण्यांची माळ होती.

“भोकं असली तर?” डागवाल्याने विचारलं.

“भोक असलं की खल्लास,” भंगारवाला पोत्याचं तोंड बांधत म्हणाला. “निम्म्याहून जास्त कापतात. भोकवाल्याला कोण विचारतो? तुमच्याकडे तरी भोकाचं भांडं माणूस कशाला आणतो?” आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन तो सायकल ढकलत निघून गेला. त्याचं काय चुकलं? त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं.

म्हातारीकडे विषय काढायला डागवाल्याला दुपार लागली. तो दोनदा तिच्याजवळ जाऊन कोळशाची टोपली उगाच हलवून आला. शेवटी तीच म्हणाली, “कान शाबूत आहेत माझे. भंगारवाला ओरडून बोलतो. कात्री आण.”

“आई, तू नको म्हणालीस तर...”

“नको म्हणून काय करू? गळ्यात घालून मी कुठे मिरवायला जाणार आहे? सुनेला त्या धुळीत पाठवून मी माळ घालून बसू?” तिने माळ डोक्यावरून काढली. काळ्या दोऱ्यात नऊ नाणी होती, आठ सारखी आणि मधलं जरा मोठं. प्रत्येकाच्या वरच्या कडेला खिळ्याने पाडलेलं भोक होतं. “तुझ्या आजोबाने पाडलीत ही. नवीन सून म्हणून मला घालायला. जन्मभर भोकं बुजवणारा माणूस, पाडली तेवढी हीच नऊ.”

मग तिने दोरा कापला, आठ नाणी मुलाच्या ओंजळीत टाकली, आणि मधलं पुन्हा दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं.

“बोडका राहू दे माझ्याकडे,” ती म्हणाली. “मेल्यावर घ्या.”

त्या मधल्या नाण्याला ती पहिल्यापासून बोडका म्हणायची. बाकीच्या आठांवर राजाच्या डोक्यावर मुकुट होता, त्याच्यावर नव्हता. डागवाल्याने ते शेवटचं नीट पाहिलं तेव्हा तो तिच्या मांडीवर बसायच्या वयाचा होता. त्याने हट्ट केला नाही. आठांतच भागेल, असा त्याचा हिशेब होता.

आता इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसऱ्या कुणी ती आठ नाणी रुमालात बांधून सरळ शहर गाठलं असतं. पण डागवाल्याच्या हातात भोक असलेली वस्तू आली होती. ती तशीच पुढे द्यायची हे त्याच्या मनातच येईना. त्याच्या छपराखालून भांडं कधी गळकं परत गेलं नव्हतं आणि कधी काळंही परत गेलं नव्हतं. डाग एक पैशाचा असो, बायको ते राखेने घासूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

“कथिलाने नाही चालायचं,” तो नाणं उन्हात धरून म्हणाला. “चांदीला चांदीच पाहिजे.”

बायकोने मनगटातलं कडं काढायला सुरुवात केली. ते निघेना. साबण लावून, पिळून, दात-ओठ खाऊन काढलं तेव्हा हाताची कातडी सोलली होती. घरात चांदी म्हणाल तर तेवढीच.

“अर्धंच लागेल,” तो ओशाळून म्हणाला.

“मग अर्धं परत घालते. बायका विचारतील, ही कुठली नवी पद्धत.”

तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. पहिल्या दिवशी त्याने उंदराच्या शेपटासारख्या बारीक गोल कानशीने प्रत्येक भोकाची कड साफ केली, दोन्ही बाजूंनी किंचित उतार दिला, म्हणजे बसवलेली चांदी कधी निसटणार नाही. कड्याचा तुकडा वितळवून त्याची तार ओढली, तारेचे आठ तुकडे केले आणि एकेक भोकात ठोकून बसवला. हातोडी इतकी हलकी मारत होता की दारातल्या म्हातारीने विचारलं, “झोपलास काय रे?”

दुसऱ्या दिवशी झाळकाम, म्हणजे ठोकलेली चांदी तापवून नाण्यात सांधायची. बायको भात्यावर होती. मोठी आग नको होती, एकसारखी हवी होती, आणि एकसारखा भाता चालवायला खांदा जळतो. तिने चार तास तो चालवला. डागवाला फुंकणीने ज्योत नाण्यावर धरायचा, चांदी पाझरली की मान हलवायचा, आणि ती त्याच क्षणी भाता थांबवायची. एकदाही “थांब” म्हणावं लागलं नाही. पाचव्या नाण्याच्या वेळी तिला खोकला आला. तिने तो छातीत दाबून धरला, नाणं चिमट्यात उचललं गेल्यावरच उठून बाहेर गेली आणि भिंतीला धरून खोकली. आत येऊन पुन्हा बसली. “चला,” म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते त्याने यापूर्वी कधी केलं नव्हतं. भोक राजाच्या मुकुटावर होतं, तिथली दोन-तीन अक्षरं गेली होती. अक्षरं जुनी, त्याला वाचता येत नव्हती. पण खिळा प्रत्येक नाण्यावर जरासा इकडेतिकडे बसला होता, त्यामुळे एकावर गेलेलं अक्षर दुसऱ्यावर शाबूत होतं. त्याने सुईएवढी छिन्नी घासून तयार केली आणि एकावरचं दुसऱ्यावर उतरवत आठही नाण्यांची अक्षरं पुरी केली. मुकुटाचे मणीसुद्धा कोरले. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते बाहीला पुसत होता. शेवटी बायकोने लिंबू आणि बारीक राख घेऊन एकेक नाणं घासलं, पाण्यातून काढलं, मऊ फडक्याने पुसलं. पाणी काळं झालं, तिने ते दोनदा बदललं.

संध्याकाळी तिने आठ नाणी फडक्यावर मांडली. दोघं नुसती बघत बसली. त्यानेच घासलेली कड, त्यानेच बसवलेली चांदी, पण भोक कुठे होतं ते त्याला स्वतःला सांगता येईना.

“आजोबा असते तर,” तो म्हणाला.

“असते तर म्हणाले असते, माझी मेहनत वाया घालवलीस,” बायको म्हणाली, आणि दोघं हसली. त्या महिन्यात दोघं मिळून हसली ती एवढीच.

गुरुवारी सकाळच्या बसने दोघं शहरात गेली. नाणेवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, कपाटाएवढं. आत काचेचं टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि मागे एक बारीक म्हातारा, कपाळावर भिंग चढवून बसलेला. त्याने दोघांना स्टुलं दिली. बायकोने फडकं उघडलं. तिने सोललेलं मनगट पदराखाली घेतलं होतं.

नाणेवाल्याने पहिलं नाणं उचललं, कडेने धरलं, फिरवलं. मग दुसरं. मग भिंग डोळ्यावर ओढलं. आठही नाणी एकामागून एक भिंगाखालून काढली.

“हे काम कुणी केलं?”

“मी,” डागवाला म्हणाला. त्याला राहवलं नाही. “भोकं होती. आठही नाण्यांना. आता शोधून सापडणार नाहीत.”

“हात फार चांगला आहे तुमचा,” नाणेवाला म्हणाला. बायको खाली बघून हसली. “नुसत्या डोळ्यांनी मलाही सापडलं नसतं.” आणि त्याने भिंग काढून डागवाल्याच्या हातात दिलं.

भिंगात राजाचा मुकुट टोपलीएवढा दिसला. त्यावर केसाएवढी बारीक गोल रेघ होती, पुरी गोल, जिथे एक चांदी संपून दुसरी सुरू होत होती. आणि सगळ्या नाण्यावर, राजाच्या गालावर, मानेवर, राखेचे ओरखडे होते, हजारो, एकाच दिशेने.

“भोकाचं नाणं खरं असतं,” नाणेवाला म्हणाला. तो हळू बोलत होता, जणू हे त्याला रोज कुणाला तरी सांगावं लागत होतं. “कुणीतरी गळ्यात घातलं होतं, एवढंच. घेणारा म्हणतो, चालेल, भोकाचे कापा. बुजवलेलं मी विकलं तर तो म्हणतो, मला फसवलं. उद्या दुकानावर येऊन बोंब मारतो.”

“फसवायला नाही केलं हो,” बायको म्हणाली.

“मला दिसतंय ना, बाई. आणि घासलंत.”

“घाण होती.”

“घाण नव्हती ती. नाणं म्हातारं होताना अंगावर ती चढते. तीच बघून कळतं की नाणं जुनं आहे, आणि कुणी छेडलेलं नाही. एकदा गेली की गेली.” त्याने खालचा खण ओढला आणि एक नाणं हिरव्या कापडावर ठेवलं. तसंच, त्याच राजाचं, काळं. मुकुटात खिळ्याचं वेडंवाकडं भोक. “हे परवा घेतलं. पाच हजारांना.”

बायकोचे ओठ हलले. “आठ पाचे चाळीस,” ती म्हणाली, इतकं हळू की ते फक्त डागवाल्याला ऐकू आलं.

अडतीस हवे होते. माळ दोऱ्यासकट आणून टेबलावर टाकली असती तर वर दोन उरले असते. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत डागवाला बोलून गेला, “मी पुन्हा पाडून आणतो भोकं. तशीच्या तशी. उद्याच आणतो.”

नाणेवाला हसला नाही. हसला असता तर डागवाल्याला बरं वाटलं असतं. त्याने फक्त मान हलवली, ते काळं नाणं उचलून खणात ठेवलं आणि तराजू पुढे ओढला.

आठ नाण्यांचे चांदीच्या भावाने सहा हजार चारशे झाले. बायकोच्या अर्ध्या कड्याची चांदीही त्यातच तोलली गेली. पैसे देताना नाणेवाल्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, “माळ होती ना? मधलं कुठे गेलं? मधलं सहसा वेगळं असतं.”

“ते आईकडे आहे,” डागवाला म्हणाला. “बोडका.”

“काय?”

“त्यावर राजाला मुकुट नाही. आई बोडका म्हणते.”

नाणेवाल्याचा हात तराजूवर थांबला. तो पुढे वाकला. “घासलंय?”

“नाही. तिने हातच लावू दिला नाही.”

“देवासारखी बाई आहे. ऐका. मुकुटाशिवायचं एकाच वर्षी निघालं, राज्याभिषेक व्हायच्या आधी. भोक असू दे. काळं असू दे. साल वाचता आलं आणि चेहरा ओळखू आला, तर चाळीस देतो मी. उद्या आणा, उद्या देतो. फक्त त्याला पाणीसुद्धा लावू नका.”

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. जाताना ती गप्प होती, येताना तिचं तोंड थांबेना. मागच्या भिंतीत खिडकी पाडायची. भट्टी अजून दोन हात पुढे न्यायची. मालकाकडून कागद करून घ्यायचा, नुसत्या तोंडी बोलण्यावर राहायचं नाही. डागवाला हो हो म्हणत होता. मध्येच ती म्हणाली, “सासूबाईंना बोडका परत आणून देऊ या कधीतरी. तसाच, दुसरा.” त्याला वाटलं, खरंच देऊ. त्याचा जीव भांड्यात पडला होता. उन्हात तापलेली शेतं खिडकीबाहेर मागे जात होती आणि त्याला ती सगळी बरी वाटत होती.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. म्हातारी दारातच होती, कोळशाचे तीन ढीग करून बसलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. आठ नाणी वितळवायला गेली हे ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. बोडक्याचं ऐकल्यावर तिने गळ्याशी हात नेला.

“चाळीस?” ती म्हणाली. “एकट्याचे? बघ. मी म्हणायची ना, हा वेगळा आहे.” तिने दोरा डोक्यावरून काढला. “मेल्यावर घ्या म्हटलं होतं. घ्या आत्ताच. काही बिघडत नाही.”

डागवाल्याने नाणं कडेने धरलं, नाणेवाल्याने धरलं होतं तसं. छपराबाहेर उन्हात नेलं. काळं होतं. कुणी घासलं नव्हतं. त्याने ते तिरपं केलं, मग उलट तिरपं केलं. मग पालथं करून तसंच पाहिलं.

नाणं गुळगुळीत होतं. साबणाची वडी संपत आली की होते तसं. एका बाजूला किंचित फुगवटा होता, तिथे कधीकाळी गाल असावा. साल नव्हतं. अक्षरं नव्हती. मुकुट होता की नव्हता हे आता कोण सांगणार? भोक तेवढं स्पष्ट होतं.

“आई,” तो म्हणाला, “याच्यावर काही नाही गं.”

“कसं नाही? दे इकडे.” तिने नाणं घेतलं आणि अंगठा त्यावर फिरवला. तो कसा सवयीने फिरत होता ते त्याने पाहिलं, आणि हे आपण आयुष्यभर पाहत आलोय हेही त्याच्या लक्षात आलं. बापाला बाजाराहून यायला उशीर झाला की तिचा हात गळ्याशी जायचा. तो स्वतः तापाने फणफणला तेव्हा, विहीर आटली तेव्हा, सून खोकायला लागली की भिंतीपलीकडे. नुसता अंगठा फिरत राहायचा. “हे काय नाक,” म्हातारी म्हणाली. “हे कपाळ. बोडकं आहे बघ. लागतंय ना बोटाला. तुझेच डोळे गेलेत.”

बायको पुढे झाली, तिने सासूच्या बोटावर बोट ठेवून नाण्यावर फिरवलं. “हो,” ती म्हणाली. “लागतंय.” आणि आत जाऊन ती पाणी प्यायली.

तरी शुक्रवारी डागवाला नाणं घेऊन गेला. बायको म्हणाली, नेऊन तर बघा, त्यांचं भिंग आहे. नाणेवाल्याने भिंग लावून फार वेळ पाहिलं, दिव्याखाली धरून पाहिलं, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून पाहिली. कागदावर एक करडा गोल उमटला आणि त्यात एक पांढरं भोक. त्याने नाणं तराजूत टाकलं नाही, तसंच परत दिलं. चहा मागवला. चहाचे पैसे डागवाला देऊ लागला तेव्हा घेतले नाहीत.

“काय म्हणाला?” दारातून म्हातारीने विचारलं.

“म्हणाला, घरातच राहू द्या. असं पुन्हा मिळायचं नाही.”

“मग! कळतं त्याला,” म्हातारी म्हणाली आणि दोरा गळ्यात घातला.

शनिवारी मालक आला, बसला नाही. फार वाईट वाटतं म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. सामान न्यायला त्याने स्वतःची गाडी दिली. धुराडं काढता आलं नाही, ते भिंतीत पक्कं बसलं होतं.

खडीच्या कारखान्यात त्यांना ओळीतली सातवी खोली मिळाली. चार बाजूंनी पत्रा, वर पत्रा. पत्रा आधी दुसरीकडे कुठेतरी वापरलेला होता, त्याला जागोजाग खिळ्यांची भोकं होती. सकाळी उन्हाच्या बारीक काड्या आत यायच्या आणि प्रत्येक काडीत पांढरी धूळ फिरताना दिसायची. डागवाल्याला यंत्राच्या पट्ट्यावर काम दिलं, बायकोला टोपल्यांवर. ती तोंडाला ओलं फडकं बांधून जायची. दुपारपर्यंत ते वाळून कडक व्हायचं.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्याने पेटी उघडली, छोटी शेगडी पेटवली आणि भिंतींची भोकं बुजवायला घेतली. एकेक घासून, एकेक तापवून, एकेकाला डाग देत गेला. बायको खाटेवर पडून बघत होती. आठवड्याभरात तिचे डोळे खोल गेले होते.

“राहू द्या हो आता,” ती म्हणाली. “आपलं घर आहे का ते?”

“या भोकांना कुणी भिंग लावत नाही,” तो म्हणाला.

ती हसायला गेली आणि तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत तो हात आवरून उभा राहिला, मग पुढच्या भोकाकडे वळला. उन्हं कलेपर्यंत एकाहत्तर झाली. दार लावलं तेव्हा खोलीत काळोख झाला, उन्हाची एक काडी आत येत नव्हती. मोहरीएवढंसुद्धा सुटलं नव्हतं. त्याने हात फिरवून पाहिलं आणि क्षणभर त्याला बरं वाटलं.

सकाळी उठून त्याने दार उघडलं. बायको अजून झोपली होती. उशीवर, तिच्या डोक्याभोवती, बारीक पांढरी धूळ पसरली होती. ती कुठल्याच भोकातून आली नव्हती. केसांतून पडली होती, कपड्यांतून, तिच्या उच्छ्वासातून. त्याने ती तळहाताने पुसून घेतली. झोपेतच ती खोकली, आणि कोपऱ्यात म्हातारीचा हात गळ्याशी गेला.